शिपाई बोलेना

सुट्टीची सकाळ होती, चहाचा पहिला घोट अजून जिभेवरच होता, आणि त्याने कपाटाच्या वरच्या खणातून शिपायाला उचललं, किल्ली दिली, नेहमीसारखं कानाला लावलं, तर शिपाई बोलेना. त्याने कप खाली ठेवला. दुसऱ्या कानाला लावलं. तिकडेही तेच, म्हणजे काहीच नाही. "अरे, बोल की लेका," तो पुटपुटला, आणि शिपायाला हलकेच हलवलं, डुलकी लागलेल्या माणसाला खांद्याला धरून हलवतात तसं. मग चष्मा नाकावर चढवून पाहिलं, तर तबकडीच्या पोटातल्या छोट्या वर्तुळात सेकंदाचा काटा आपला इमानेइतबारे फिरत होता. आता आली का पंचाईत! काटा फिरतोय आणि आवाज नाही. पाय चालतायत आणि पाऊल वाजत नाही. चहा बिचारा तिथेच साय धरून बसला.

शिपाई म्हणजे माणूस नव्हे, हे सांगायलाच हवं. शिपाई म्हणजे एक जुनं लष्करी मनगटी घड्याळ. काळी तबकडी, तिच्यावर अंधारात उजळण्यासाठी रंगवलेले आकडे, ते आता चहाच्या डागासारखे तपकिरी पडलेले; पट्ट्याच्या दोन्ही दांड्या अंगालाच डाख देऊन पक्क्या जोडलेल्या, म्हणजे धावपळीत दांडी निसटून घड्याळ चिखलात हरवायला नको; आणि पाठीवर कुठल्या तरी पलटणीने कोरलेला नंबर. कोणत्या मनगटावर ते बसलं, त्या मनगटाचं पुढे काय झालं, देव जाणे. त्याची एक खोड मोठी लाडकी होती. किल्ली बाहेर ओढली की सेकंदाचा काटा जागच्या जागी उभा राहायचा, सावधान! आणि किल्ली आत दाबली की पुन्हा चालू. अख्ख्या तुकडीने आपापली घड्याळं अशी थांबवायची आणि एका हुकमासरशी एकदम सोडायची, म्हणजे सगळ्यांची वेळ एक. त्याला या गोष्टीचं इतकं कौतुक होतं की दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही तो कधीमधी किल्ली ओढून दाखवायचा. दुकान चष्म्यांचं. गिऱ्हाईक नाकावर ती जड लोखंडी फ्रेम घेऊन भिंतीवरची अक्षरं वाचत बसलेलं, आणि हा भिंगामागून भिंग सरकवत विचारणार, "आता बरं दिसतं, की मघाशी? मघाशी, की आता?" दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांचा हा धंदा. म्हणूनच की काय, घड्याळाचं सुख त्याने डोळ्यांना कधी दिलंच नाही. ते कानांचं सुख. जुन्या घड्याळांच्या बाजारात बाकीचे शौकीन डोळ्याला भिंग लावून तबकडीवरचे चरे मोजत बसायचे, तेव्हा हा आपला डोळे मिटून घड्याळ कानाशी धरून उभा. "तेल सुकलंय," म्हणायचा. किंवा, "आतलं चाक थोडं लंगडतंय." आणि निघायचंही तसंच. बाजारातल्या मंडळींनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. त्या नावाचा त्याला अभिमान होता, उघड उघड, छाती फुगवून अभिमान.

मग कानसेनाने खण पूर्ण ओढला आणि एकेकाची हजेरी घेतली. बाईसाहेब आधी. बाईसाहेब म्हणजे बिस्किटाइतकं पातळ सोन्याचं घड्याळ, दागिन्यांच्या पेढीतल्या काचेआडून उतरून कधी काळी कुणा श्रीमंताच्या बाहीखाली राहिलेलं; त्याचा आवाज बारीक, भराभर, कानात चहाड्या सांगितल्यासारखा. आज बाईसाहेबांनी ओठ मिटून घेतले होते. मग हिशेबनीस, शर्यतीचे सेकंद मोजणारं, दोन बटणांचं, त्याचा आवाज भरीव, दुहेरी. चिडीचूप. मग पाणबुड्या, जाड काचेचं, ज्याला तो खवळलेल्या समुद्रातला माणूस म्हणायचा आणि ज्याला त्याने आजवर हात धुतानाही मनगटावर ठेवलं नव्हतं. तोही गप्प. काटे मात्र सगळ्यांचे फिरत होते, आणि वेळही बरोबर. शहाण्या माणसाला इथे एक साधी गोष्ट सुचली असती. पण शौकीन माणूस शहाणा कुठे असतो? बिघाड झाला तर तो यंत्रातच होणार, ही त्याची श्रद्धा. गेल्या वर्षी दाराची घंटा वाजेनाशी झाली, तेव्हा त्याने ती बदलली, नवीही मिळमिळीत निघाली म्हणून दुकानदाराशी भांडून आला. चहाची किटली शिट्टी मारेना, तर तिचं टोपण खराब. रेडिओ कुजबुजायला लागला, तर त्यात नवे सेल. हल्ली सेल बनवतातच भिकार! आणि फोनवर लेक फार हळू बोलते, म्हणून तो फोन कानामागच्या हाडावर असा दाबून धरायचा की कान लालबुंद व्हायचा. तर आता चार घड्याळं एकदम मुकी झाली, आणि कानसेनाच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. लोहचुंबक! घड्याळाच्या आतली केसासारखी बारीक स्प्रिंग लोहचुंबकाजवळ आली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिचा श्वास कोंडतो. खणाच्या आसपास कुठे तरी लोहचुंबक आलाय. आणि या घरात लोहचुंबक एकच होता, आणि तो बायकोचा होता.

ती पलीकडच्या खोलीत शिवण घेऊन बसायची. पडदे, शाळेचे गणवेश, ढगळ झालेले कोट बेताचे करून देणं, असलं काम. मशीनच्या उजव्या हाताला घोड्याच्या नालासारखा एक लाल लोहचुंबक, त्याला टाचण्यांचा झुपका. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या ती त्यानेच गोळा करायची. कामात असली की चार-सहा टाचण्या ओठांत धरलेल्या असायच्या, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून ती गायची नाही, गुणगुणायची. मिटल्या ओठांनी, टाचण्यांच्या आडून. गाणं नेहमी एकच. त्यातली दोन कडवी तिला येत होती, आणि दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ लग्नाआधीपासून येत नव्हती. त्या वळणाशी आली की ती अडायची, मागे जायची, पुन्हा यायची, पुन्हा अडायची. आणि मग हा इकडून, घड्याळाला किल्ली देता देता, ओरडून ती ओळ सांगायचा. तीस-एक वर्षं हे चाललं होतं. ओळ पाठ करून टाकणं काय अवघड होतं? पण तिने ती पाठ केली नाही, आणि ह्यानेही कधी तसं सुचवलं नाही. घराला एक आवाज असतो, तो सारखा ऐकत असलो की ऐकू येत नाही, आणि मग एक दिवस लक्षात येतं की तो नाहीसा झालाय. तशी ती गुणगुण गेली. कधी गेली, हे त्याने मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली त्या दिवसापासून.

त्या दिवसाची गोष्ट अशी की, त्याच दिवशी शिपाई मिळाला होता. बाजारात एका म्हाताऱ्याकडे, फडक्यात गुंडाळलेला. कानाला लावला आणि कानसेन गेलाच! खडीच्या रस्त्यावरून बूट चालत यावेत असा तो आवाज, दमदार, एका लयीत, ना घाई ना दम लागणं. त्याने तिथेच आपलं रोजचं, साधं, कधी न चुकणारं घड्याळ मनगटावरून सोडून खिशात टाकलं आणि शिपायाला चढवलं. लेकीची गाडी दुपारी होती. वेळ भरपूर होता, शिपाई सांगत होता की भरपूर आहे, आणि खऱ्या शिपायाच्या शब्दावर अविश्वास कोण दाखवणार! इतकी वर्षं फडक्यात झोपलेलं घड्याळ मागे पडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. खिशात बरोबर चालणारं घड्याळ होतं, तेही सांगत असणारच, पण खिशातल्याचं ऐकतो कोण. तो रमतगमत फलाटावर पोचला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळण घेत होता आणि बायको एकटी उभी होती, हातातला रुमाल अजून हलवत. लेकीने त्याच संध्याकाळी फोनवर खो खो हसून त्याला माफ केलं. "बाबा, आता त्याचं कोर्टमार्शल करा," म्हणाली. बायको मात्र काही बोलली नाही. घरी येईपर्यंत नाही, आल्यावरही नाही. बोलली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. मग काही दिवसांनी, का काही आठवड्यांनी, त्याच्या लक्षात आलं की पलीकडच्या खोलीतून मशीनच्या घरघरीशिवाय काही येत नाही. तेव्हापासून त्याने ते गृहीत धरलं. तिने गाणं बंद केलं आहे. ती माझ्यावर रुसली आहे, तोंडाने नाही, गळ्याने. विचारायची हिंमत त्याला झाली नाही. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? त्यापेक्षा तो शिपायाला कानाशी धरून बसायचा, आणि शिपायाचे बूटही दिवसेंदिवस लांब जात होते, पण ते त्याने वयावर ढकललं. शिपायाच्या वयावर, स्वतःच्या नव्हे.

तर हा सगळा इतिहास डोक्यात घेऊन तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. सकाळचं ऊन शिवणाच्या टेबलावर आडवं पसरलेलं होतं. ती कुणाच्या तरी निळ्या पडद्याची दुमड घालत होती, पाय मशीनच्या पायडलवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांत टाचण्या. चष्मा त्यानेच करून दिलेला, आणि ती तो नेहमी चुकीच्या जागी घालायची. लोहचुंबक आपल्या जागी होता. पण रात्रंदिवस तो इथेच असतो कशावरून? तिने मुद्दाम तर नाही... खणात, चारी घड्याळांच्या मधोमध, एक रात्रभर... छे! असं मनात आलं याचीच त्याला लाज वाटली, पण आलं हे खरं. गळ्याने रुसलेली बाई काहीही करू शकते.

"अगं," तो म्हणाला, "तुझा हा लोहचुंबक कपाटापाशी आला होता का?"

तिने मशीन थांबवलं, टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. "कोण आलं होतं?"

"लोहचुंबक गं. माझ्या खणापाशी."

"त्याला पाय फुटलेत का?" ती म्हणाली. "आणि मघापासून हाका मारतेय, चहा गार झाला म्हणून. लक्ष कुठे असतं तुमचं? त्या चौघांना किल्ल्या देता, एकदा स्वतःलाही द्या." आणि टाचण्या परत ओठांत गेल्या, संभाषण संपलं. त्याने ऐकलं होतं सगळं. तिचा आवाज चांगला खणखणीत होता, दुसऱ्या मजल्यावरून रस्त्यावरच्या भाजीवाल्याला थांबवणारा. म्हणजे कानाचं काही नव्हतंच. हे त्याने मनाशी नोंदवूनही ठेवलं.

परत येऊन त्याने खण कपाटातून काढला आणि पलंगावर उपडा करायला घेतला. लोहचुंबक नसेल, तर लोखंडाचा एखादा तुकडा, एखादी भारलेली टाचणी, कुठे तरी फटीत अडकलेली असणार. दोन्ही हात खणाला लागले. शिपायाला ठेवायला जागा नाही. पलंगावर ठेवावा तर वर खण पडणार. म्हणून त्याने, शिंपिणीच्या घरातल्या माणसाला जे सुचावं तेच केलं. शिपायाला दातांत धरलं, अंगाच्या कडेने, अलगद, आणि खण उचलला.

आणि त्याच्या डोक्यात पलटण घुसली.

कवटीच्या आत, कपाळामागे, दाढांच्या मुळाशी, सगळीकडे एकदम बूट! खडीवरून चालणारे, दमदार, एका लयीत. त्याने खण धाडकन सोडला. बाईसाहेब उशीवर जाऊन पडल्या. तो तसाच वाकलेला, तोंडात घड्याळ, डोळे विस्फारलेले, आणि आत शिपाई चालतोय, चालतोय, पहिल्या दिवशी बाजारात चालला होता त्याहूनही जवळून. हा भास तर नाही? त्याने बोटांनी चाचपून किल्ली ओढली. सावधान! सगळे बूट एका जागी थबकले, डोक्यात अशी शांतता झाली की स्वतःचा श्वास त्याला मोठा वाटला. किल्ली दाबली. निघाली पलटण! पुन्हा ओढली, पुन्हा दाबली. पोरासारखा तो हे करत राहिला, आणि तोंडात घड्याळ असल्यामुळे हसताही येईना, नुसता नाकातून फुसफुसत राहिला. मग बाईसाहेबांना दातांत धरलं, फार जपून, सोन्यावर ठसा उठायला नको. बाईसाहेबांच्या चहाड्या सुरू! हिशेबनीस आपला दुहेरी हिशेब सांगत होता, पाणबुड्या जाड काचेआडून घोगरं बोलत होता. सगळे बोलत होते. सगळे सारखे, कायम बोलतच होते. कुणीच गप्प झालं नव्हतं.

तो पलंगावर बसला. हळूहळू, भिंगामागून भिंग सरकत जावं आणि धूसर अक्षरांच्या कडा धारदार व्हाव्यात तसं, त्याला दिसत गेलं. म्हणजे घंटा वाजत होती. ती बिचारी पहिलीसुद्धा. किटली शिट्टी मारत होती, तिचं टोपण उगाच फेकलं. रेडिओचे सेल ठीक होते, लेक नेहमीच्याच आवाजात बोलत होती. आवाज आत जायच्या वाटेवर कुठे तरी त्याचं स्वतःचंच दार लागलं होतं, आणि हा कानसेन सगळ्या जगाला किल्ली देत फिरत होता. त्याला रडू यायला हवं होतं. बाजारातल्या मंडळींना कळलं तर काय म्हणतील, आता पुढे कसं, हे सगळं मनात यायला हवं होतं, आणि थोडं थोडं आलंही. पण त्याच्या पाठोपाठ एक दुसरी गोष्ट अशी उसळून वर आली की बाकीचं सगळं तिच्या पाण्याखाली गेलं. तो उभाच राहिला. घंटा वाजत होती, किटली वाजत होती, शिपाई वाजत होता. मग ती? मग ती?

दारात येऊन त्याने तिच्याकडे पाहिलं, चष्मेवाल्याच्या नजरेने, नीट. मशीन थांबलं होतं, ती हाताने दुमडीला टाचण्या लावत होती. तिच्या गळ्याखालची खळगी हलत होती. बारीक, सारखी, थरथरल्यासारखी. गेली दोन वर्षं ती रोज त्याच्या डोळ्यांसमोर अशी हलत असणार, आणि याला दिसली नव्हती. तो पुढे गेला, तिच्या खुर्चीमागे वाकला आणि आपलं कपाळ तिच्या डोक्यावर टेकवलं, भांगाच्या जरा बाजूला, घट्ट.

आलं. तेच गाणं, मिटल्या ओठांचं, टाचण्यांच्या आडून येणारं, हाडातून हाडात. दूरचं नव्हे, जुनं नव्हे, आत्ताचं, या क्षणाचं, गरम. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याला हसू फुटलं, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला.

"म्म! म्म!" ती म्हणाली, आणि घाईघाईने ओठांतल्या टाचण्या लोहचुंबकाला चिकटवल्या. "अहो, टाचण्या आहेत तोंडात! गिळल्या असत्या मी! काय झालंय काय तुम्हाला आज?"

"म्हणजे तू गाणं बंद केलंच नव्हतंस?" त्याने कपाळ उचललं नाही.

"बंद कधी केलं होतं?"

"मला वाटलं, स्टेशनच्या दिवसापासून. माझ्यावर रागावून."

"कुठलं स्टेशन?" तिला खरंच आठवेना. त्याने सांगितलं, तशी ती हसायला लागली, आणि ते हसू त्याच्या कपाळातून मानेपर्यंत उतरलं. "अहो, ते होय! तुम्ही चुकलात ते बरंच झालं. तुम्ही असता तर फलाटावर तुमचं रडणं आवरायचं, की माझं? मी काय दोन वर्षं ते धरून बसेन?" टेबलावरचा निळा कपडा तिने उगाचच सारखा केला. "मला उलटंच वाटत होतं," ती म्हणाली. "त्या ओळीपाशी आले की मी थांबायचे. वाट बघायचे. तुम्ही पूर्वी तिकडून ओरडून सांगायचात. मग सांगायचंच सोडून दिलंत. मला वाटलं, आता यांना घड्याळांचंच ऐकायला आवडतं. पण गाणं आपलं चालू ठेवलं. म्हटलं, कधी तरी सांगतील."

त्याने सांगितलं मग सगळं, कानांचं, दातांचं, पलटणीचं, आणि लोहचुंबकाच्या संशयाचंसुद्धा. त्यावर तिने त्याच्या हातावर एक चापट मारली. शिपायाला तिनेही दातांत धरून पाहिलं आणि "अगंबाई!" म्हणून लगेच काढलं. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं, हे तिने ठरवूनही टाकलं, हो-नाही विचारलं नाही. "आणि तोवर?" तो म्हणाला. तोवर काय, तिने मान थोडी मागे केली, त्याच्या कपाळाला आपल्या डोक्याचा माथा लावला. मग जरा डावीकडे सरकली.

"आता बरं ऐकू येतं, की मघाशी?" तिने विचारलं.

"आता," तो म्हणाला. "आता, आता."

तिने ओठ मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं. टेबलावर शिपाई चालत होता, आवाज न करता, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. ती त्या वळणाशी आली, अडली, एकदा मागे गेली, पुन्हा आली, आणि थांबली.

त्याने ओळ सांगितली. जरा जास्तच मोठ्याने सांगितली असावी, कारण ती दचकली आणि खालच्या भाजीवाल्याने वर पाहिलं.